स्वयंपाकघर फोडण्याआधी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

दिवाळी आटोपली आणि शिवारातली सुगी उरकत आली की बेळगावच्या शहापूर, वडगाव, अनगोळ, टिळकवाडी अशा सगळ्याच भागांत स्वयंपाकघरातले जुने कट्टे फोडण्याचे आवाज सुरू होतात. घरात लग्न असते, थोरला मुलगा पाडव्याला घरी येणार असतो किंवा कितीतरी वर्षे पुढे ढकललेले काम एकदाचे उरकायचे असते. आपल्या पुरवणीतही या दिवसांत नव्या स्वयंपाकघरांची छायाचित्रे आणि जाहिराती येतात, आणि त्यांविषयी माझी काहीच तक्रार नाही. मात्र रंग, हँडल आणि दिवे यांविषयी तिथे जेवढे लिहिलेले असते त्याच्या चौथा हिस्साही सांडपाण्याचा पाइप, गॅसची नळी, विजेची तार आणि कामाचा क्रम यांविषयी नसतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी नोकरीची बहुतेक वर्षे एका बांधकाम ठेकेदाराच्या कार्यालयात अंदाजपत्रके आणि मोजमापाची वही लिहिण्यात घालवली. निवृत्तीनंतर नात्यातली आणि गल्लीतली मंडळी काम काढण्याआधी ‘जरा येऊन बघून जा’ म्हणून बोलावतात. या सगळ्या पाहण्यातून माझे असे मत झाले आहे की आपल्याकडे स्वयंपाकघराचे काम पैसा कमी पडल्यामुळे क्वचित बिघडते. ठरवायच्या गोष्टी न ठरवता हातोडा चालवल्यामुळे ते अधिक वेळा बिघडते, आणि त्यातही जी बाई तिथे रोज दोन वेळा उभी राहणार तिला विचारायचे राहून गेल्यामुळे.

घर बेळगावात, पैसे पाठवणारा मुलगा पुण्यात किंवा बंगळूरमध्ये, आणि आराखडा काढणारा दुकानातला माणूस संगणकासमोर, अशी विभागणी आता नेहमीची झाली आहे. मोबाईलवर चित्र येते, सगळे माना डोलावतात आणि घरातली बाई ‘तुम्हाला आवडलं ना, मग झालं’ असे म्हणते. तिच्या या भिडस्तपणालाच संमती समजून आगाऊ रक्कम भरली जाते. माझ्या नात्यातल्या एका घरी असेच तयार स्वयंपाकघर बसवले गेले. कट्टा 36 इंच उंचीचा, दिसायला फार देखणा. त्या घरात दोन्ही वेळा जोंधळ्याची भाकरी लागते आणि भाकरी थापायला तळहाताचा जोर वरून खाली यावा लागतो. पाच फूट उंचीच्या बाईने 36 इंचांच्या कट्ट्यावर परात ठेवली की हात जवळजवळ कोपराच्या पातळीत राहतो, जोर खांद्यातून काढावा लागतो आणि चौथ्या-पाचव्या भाकरीला मान अवघडते. थोड्याच दिवसांत त्या बाईंनी जुने लाकडी स्टूल माळ्यावरून खाली काढले, त्यावर परात ठेवली आणि नव्या कट्ट्याकडे पाठ करून त्या भाकऱ्या थापू लागल्या. कट्ट्याच्या त्या भागावर आता डबे मांडलेले असतात.

उंची ठरवण्यासाठी कोणत्याही तज्ज्ञाची गरज नाही. स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीने घरात नेहमी पायात असेल ते घालून किंवा अनवाणी सरळ उभे राहावे, कोपर काटकोनात दुमडावे आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचे अंतर मोजून घ्यावे. पाच फूट उंचीच्या बाईच्या बाबतीत ते साधारण 37 इंच भरते. चिरण्या-निवडण्याचा कट्टा त्याहून तीन-चार इंच खाली, म्हणजे 33 ते 34 इंचांवर, सोयीचा पडतो. मळण्या-थापण्याची जागा आणखी दोन-तीन इंच खाली असावी. शेगडीला स्वतःची उंची असते आणि तिच्यावर पातेले किंवा कुकर चढतो, त्यामुळे शेगडीखालचा भागही थोडा खाली घेतला तर उकळत्या भांड्यात डोकावायला टाचा उंचवाव्या लागत नाहीत. सिंकचे उलटे आहे: त्याचा तळ कट्ट्यापेक्षा सात-आठ इंच खोल असल्यामुळे कट्टा तिथे खाली घेतला की भांडी घासताना कंबर मोडते. गवंड्याला सगळा कट्टा एका पातळीत ओतणे सोपे जाते, त्यामुळे दोन पातळ्या सांगितल्या की ‘बाई, बघायला बरं दिसणार नाही’ असे उत्तर हमखास मिळते. त्याचे न ऐकता निदान दोन-अडीच फूट लांबीचा एक तुकडा खाली घ्यायला लावावा. वास्तुशास्त्राप्रमाणे शेगडी आग्नेयेला आहे की नाही यावर ज्या घरांत महिनाभर चर्चा होते, तिथेही कट्ट्याची उंची गवंडी स्वतःच्या अंदाजाने ठरवून मोकळा होतो, याचे मला नेहमी नवल वाटते.

जागेच्या आखणीविषयी पुस्तकांत शेगडी, सिंक आणि फ्रीज यांना जोडणाऱ्या त्रिकोणाचा नियम दिलेला असतो. त्याच्या तिन्ही बाजूंची बेरीज 13 ते 26 फुटांच्या दरम्यान असावी असे सांगतात. नियम वाईट नाही, पण तो एकटीने रांधणाऱ्या घराला धरून केलेला आहे. 1926 मध्ये जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहराच्या सार्वजनिक घरबांधणीसाठी मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी आखलेले स्वयंपाकघर, ज्याला आजच्या मॉड्युलर पद्धतीचे मूळ मानतात, जेमतेम 1.9 मीटर रुंद आणि 3.4 मीटर लांब होते आणि त्यात एकाच बाईची पावले वाचवण्याचा हिशेब होता. आपल्याकडे गौरी-गणपतीत दोन जावा, सासूबाई आणि माहेरी आलेली नणंद अशा चौघीजणी एकाच वेळी आत असतात. एक मोदक वळते, एक तळते आणि तिसरीला पाण्याचा हंडा घेऊन मधून जायचे असते. समोरासमोरच्या दोन कट्ट्यांमध्ये एकटीला साडेतीन फूट जागा पुरते, दोघींना चार फूट लागते, आणि फ्रीजचे दार उघडल्यावर किती उरते ते वेगळे मोजावे लागते. हे सगळे जमिनीवर खडूने आखून, त्यात प्रत्यक्ष उभे राहून बघता येते. खडूला पैसे पडत नाहीत.

आता न दिसणाऱ्या कामांकडे येते, कारण खरी गोम तिथेच आहे. फरशी, डेडो (म्हणजे कट्ट्यामागच्या भिंतीला लावलेल्या टाइल) आणि कट्टा झाल्यावर आतला पाइप बदलायचा म्हणजे केलेले सगळे पुन्हा उकरायचे. म्हणून फोडण्याआधी सांडपाणी कुठून कुठे जाणार हे कागदावर आलेच पाहिजे. सिंकचा पाइप निदान दोन इंची असावा आणि त्याला फुटाला पाव इंच उतार मिळाला पाहिजे. सिंक मूळ जागेपासून बारा फूट लांब हलवले तर पाइपाला तीन इंच उतार लागतो, आणि तेवढा उतार फरशीखाली मिळतो का, हे आधीच पाहावे लागते. तो मिळत नाही हे कळेपर्यंत फरशी बसलेली असते, असे मी एकाहून अधिक घरांत पाहिले आहे. मग पाणी पाइपात तुंबते, तेलकट थर धरतो आणि पावसाळ्यात झुरळे वर येतात. सिंकचा पाइप संडासाच्या पाइपाला मध्येच जोडून मोकळे होण्याची पद्धतही वाईट आहे. तो बाहेरच्या गली ट्रॅपमध्येच, म्हणजे वास आणि किडे अडवणाऱ्या पाणी साचलेल्या सापळ्यातच, सोडावा. जुन्या घरांतली स्वयंपाकघरातली मोरी काढून टाकण्याची हल्ली टूम आहे. ज्या घरात सणाला मोठी पातेली, पिंपे आणि काहिली घासायची वेळ येते त्यांनी मोरी काढण्याआधी दहादा विचार करावा, कारण ही भांडी सिंकमध्ये मावत नाहीत.

पाण्याच्या बाबतीत आपल्या शहराचे एक वैशिष्ट्य लक्षात घ्यावे लागते. 2008 च्या सुमारास काही प्रभागांत चोवीस तास पाणी सुरू झाले, पण बाकीच्या बऱ्याच भागांत अजून नळाला पाणी यायची वाट बघावी लागते, आणि पुष्कळ घरांत विहीर किंवा बोअरचे पाणी जोडीला असते. पिण्याचे आणि वापराचे पाणी यांचे पाइप वेगळे हवेत, प्रत्येकाला स्वतंत्र व्हॉल्व्ह हवा, आणि पिण्याचे पाणी भरून ठेवायला, मग ती टाकी असो की तांब्या-पितळेची भांडी, जागा आराखड्यातच दाखवलेली हवी. पाणी शुद्ध करायचे आरओ यंत्र लावणार असाल तर त्यातून वाया जाणारे पाणी थेट गटारात न सोडता मोरीतल्या बादलीत किंवा परड्यातल्या झाडांना जाईल असा एक बारीक पाइप तेव्हाच टाकून घ्यावा. नंतर तो टाकायचा म्हणजे टाइलला भोक पाडावे लागते.

गॅसच्या बाबतीत निष्काळजीपणा मला सगळ्यात जास्त खटकतो. नवे कट्टे सुबक दिसावेत म्हणून 14.2 किलोचा सिलिंडर कट्ट्याखालच्या बंद कपाटात कोंबतात आणि कपाटाला एकही भोक नसते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो वर न जाता जमिनीलगत साचून राहतो. त्यामुळे सिलिंडरच्या कपाटाला अगदी खाली, फरशीलगत, हवा खेळायला जाळी हवी, आणि स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीलाही शक्य असेल तर खाली एक झरोका हवा. सिलिंडर उभाच ठेवावा आणि शेगडी त्याच्यापेक्षा वरच्या पातळीवर असावी. रबरी नळी आयएसआय शिक्क्याची, दीड मीटरपेक्षा लांब नसलेली आणि डोळ्यांना दिसेल अशीच असावी. ती भिंतीतून, ड्रॉवरच्या मागून किंवा कपाटाच्या फळीला भोक पाडून ओढू नये, आणि दर पाच वर्षांनी बदलावी. सिलिंडर बाहेर परड्यात ठेवून तांब्याच्या नळीने गॅस आत आणायचा असेल तर ते काम प्लंबरकडून न करवता गॅस एजन्सीच्या अधिकृत मेकॅनिककडून करून घ्यावे. ज्या वसाहतींत पाइपने गॅस आला आहे किंवा येऊ घातला आहे, तिथे त्या नळीची जागाही आत्ताच सोडून ठेवावी. गळतीची शंका आली तर फोन करायचा 1906 हा क्रमांक सिलिंडरच्या कपाटावर रंगाने लिहून घ्या, असे मी प्रत्येक घरी सांगते. नव्या कपाटावर तो कुणाला शोभेचा वाटत नाही, हा भाग निराळा.

विजेचे त्यामानाने सरळ आहे. मिक्सर, फ्रीज, ओव्हन, पाण्याचे यंत्र, चिमणी आणि इंडक्शन शेगडी यांची जागा आधी ठरवावी आणि तेवढे पॉइंट काढावेत, म्हणजे पुढे एका पॉइंटला तीन-तीन यंत्रे लटकत नाहीत. 2000 वॅटची इंडक्शन शेगडी जवळजवळ नऊ अँपिअर घेते; ती 6 अँपिअरच्या साध्या पॉइंटवर लावली की बोर्ड काळा पडतो. 16 अँपिअरच्या पॉइंटला 2.5 चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तार, व्यवस्थित अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचे आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) एवढे मागून घ्यावे, आणि बोर्ड सिंकच्या किंवा शेगडीच्या डोक्यावर येऊ देऊ नये. भिंतीला झिऱ्या मारून पाइप आणि तारा टाकून झाल्या की प्लास्टर करण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो टेप धरून काढून ठेवावा. पुढे कपाटासाठी भोक पाडताना कारागीर विचारतो, ‘इथून तार गेलीय का?’ तेव्हा घरात कुणालाच आठवत नसते.

धुराचा विचार आपल्या घरांच्या ठेवणीशी जोडलेला आहे. शहापूर किंवा खडेबाजार भागातली जुनी घरे अरुंद आणि लांब. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, पुढे सोपा, मध्ये माजघर आणि शेवटी परड्याकडे उघडणारे स्वयंपाकघर. पुढे परड्यात न्हाणी आली, संडास आला, भावाची एक खोली आली, आणि स्वयंपाकघराची बाहेरची खिडकी कधी बंद झाली हे कुणाच्या ध्यानातही आले नाही. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे जेवणाची जागा वेगळी असेल तर स्वयंपाकघर निदान 5 चौरस मीटर क्षेत्राचे आणि 1.8 मीटर रुंदीचे असावे, तिथेच जेवायचे असेल तर 7.5 चौरस मीटर आणि 2.1 मीटर, आणि बाहेरच्या हवेत उघडणारी खिडकी निदान 1 चौरस मीटरची असावी. आपल्या जुन्या घरांना हे तंतोतंत लागू करणे जमणार नाही हे मान्य आहे. पण निदान छपरात काचेची कौले आणि धुराला वाट, किंवा न्हाणीच्या वरून बाहेर काढलेला सहा इंची पाइप, एवढे तरी साधतेच. बाहेर पाइप न काढता आतल्या आतच हवा फिरवणारी चिमणी वास थोडाफार कमी करते. उष्णता आणि वाफ मात्र घरातच ठेवते. संकेश्वरी मिरचीची फोडणी ज्या घरात रोज पडते त्यांनी पैसे मोजण्याआधी हा फरक दुकानदाराला नीट विचारावा.

माजघर आणि स्वयंपाकघर यांमधली भिंत पाडून ‘ओपन किचन’ करण्याची हौसही वाढली आहे. जुन्या मातीच्या किंवा जांभ्याच्या घरांत छपराचे वासे आणि तुळया नेमक्या याच भिंतीवर टेकलेल्या असतात. इंजिनिअरला दाखवून, तात्पुरते टेकू लावून, वर बीम घेतल्याशिवाय या भिंतीची एकही वीट हलवू नये, आणि गवंड्याच्या ‘काही होत नाही’ या शब्दावर तर मुळीच विसंबू नये. सामाईक भिंतीला झिरी मारायची असेल तर शेजाऱ्याला आधी सांगावे. पलीकडे त्याचा देव्हारा किंवा कपाट असते.

सामानाविषयी थोडक्यात सांगते. कट्ट्याला काळा किंवा इलकलचा तांबडा ग्रॅनाइट उत्तम. संगमरवर, कडप्पा, शहाबादी आणि कोटा हे सगळे चुनखडीच्या जातीचे दगड असल्यामुळे लिंबू, चिंच, आमसूल यांचे डाग त्यांवर कोरले जातात. म्हणून ते कट्ट्यावर नकोत. कट्ट्याखालच्या कप्प्यांना मात्र कडप्प्याच्या उभ्या-आडव्या फरश्या घालून पुढे फक्त दारे लाकडी करावीत, असे माझे ठाम मत आहे. आपल्याकडचा पाऊस आणि वाळवी लक्षात घेता भुशाचे दाबलेले बोर्ड सिंकखाली दोन-तीन पावसाळ्यांत फुगतात. प्लायच वापरायचा असेल तर त्यावर आयएस 710 चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायच्या मानकाचा, शिक्का बघून घ्यावा. ग्रॅनाइटच्या पुढच्या कडेखाली एक बारीक खाच मारून घेतली की पाणी ओघळून दारांवर येत नाही. कटरवाल्याचे हे थोडक्या वेळाचे काम, पण सांगितल्याशिवाय तो करत नाही. टाइलच्या रंगाबद्दल मला काही म्हणायचे नाही.

कामाचा मुहूर्त हा आपल्या भागात फार महत्त्वाचा विषय आहे, आणि इथे मी पंचांगाविषयी बोलत नाही. जूनमध्ये पाऊस लागला की सप्टेंबर संपेपर्यंत, आणि खानापूरच्या बाजूला तर त्याहून जोराची, अशी झड असते की प्लास्टर वाळत नाही, लाकूड फुगते आणि नुकती बसवलेली दारे अडकायला लागतात. गवंडी आणि बिगारी बहुतेक आसपासच्या खेड्यांतले. ते जून-जुलैमध्ये पेरणी आणि रोपलावणीला, आणि दिवाळीच्या आगेमागे भाताच्या सुगीला गावी जाणारच. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आपण ते धरून चालावे. एप्रिल-मे कोरडे खरे, पण तेव्हा सिमेंटला मारायला पाणी मिळत नाही. साध्या सिमेंटच्या कामावर सात दिवस आणि हल्ली सर्रास मिळणाऱ्या मिश्र सिमेंटवर दहा दिवस तरी पाणी मारलेच पाहिजे. शिवाय उन्हाळ्यातच वर्षाचे तिखट कुटायचे असते, सांडगे-पापडांचे वाळवण असते, लोणचे असते, आणि या सगळ्याला स्वयंपाकघर जाग्यावर लागते. हिशेब करता संक्रांत होऊन पौष संपला की फोडायला घ्यावे आणि शिमग्यापर्यंत कट्ट्यावर शेगडी चढावी, हा काळ मला सगळ्यात सोयीचा वाटतो. पौषात काम सुरू करू नये म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांचाही त्यात मान राहतो. दहावीची परीक्षा देणारे मूल घरात असेल तर मात्र ते वर्ष सोडून द्यावे.

मार्गशीर्ष आणि पौष हे दोन महिने म्हणून ठरवण्यासाठी मोकळे मिळतात, आणि ते तसे वापरावेत. टाइल, सिंक, नळ, ग्रॅनाइट आणि शेगडी ही खरेदी त्याच काळात होऊन माल घरात येऊन पडला पाहिजे, कारण सिंकचे नेमके माप हातात असल्याशिवाय ग्रॅनाइट कापता येत नाही. उलट कपाटांचे माप घाईने देऊ नये; प्लास्टर आणि टाइल मिळून प्रत्येक भिंतीला इंचभर तरी जागा जाते, म्हणून तयार कपाटे मागवायची असतील तर डेडो पूर्ण झाल्यावरच माप घ्यायला लावावे. बाहेरगावच्या दुकानातून तयार स्वयंपाकघर आणणाऱ्यांनी बिजागरी किंवा ट्रॉली बिघडली तर दुरुस्तीला इथे कोण येणार, हे बिलावर लिहून घ्यावे.

अंदाजपत्रकाबद्दल मी बोलले नाही तर माझी नोकरी फुकट गेली असे होईल. ‘मालासकट सगळं मिळून एवढे होतील’ असा तोंडी आकडा म्हणजे अंदाजपत्रक नव्हे. फोडणे व राडारोडा उचलणे, पाइपकाम, वायरिंग, प्लास्टर, फरशी, डेडो, कट्टा, सुतारकाम, रंग या प्रत्येक बाबीचे परिमाण, दर आणि रक्कम वेगळी हवी आणि माल व मजुरी वेगळी दाखवलेली हवी. कपाटांचा दर कुणी धावत्या फुटाने सांगतो, कुणी दारांच्या चौरस फुटाने, आणि ट्रॉल्या, बिजागऱ्या व चॅनेल त्यात धरले आहेत की नाहीत हे शेवटी कळते. दोन दुकानांचे आकडे एका मापात आणल्याशिवाय त्यांची तुलना करू नये. एकूण रकमेच्या दहा-पंधरा टक्के पैसे हातचे राखून ठेवावेत, कारण जुनी फरशी उचलल्यावर खाली काय निघेल हे कुणीच सांगू शकत नाही. पैसे कामाच्या टप्प्यांप्रमाणे द्यावेत आणि शेवटचा हप्ता पाणी सोडून, सिंक भरून रिकामे करून, सगळे पॉइंट तपासून झाल्यावरच द्यावा. कामावर गवंडी कन्नड बोलतो, सुतार हिंदी आणि आपण मराठी, म्हणून सिंकचा मध्य, पॉइंटची उंची, कट्ट्याची पातळी ही मापे इंच आणि सुतांत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) भिंतीवरच ठळक लिहून ठेवावीत, म्हणजे ‘तुम्ही असं सांगितलंच नव्हतं’ हा वाद निम्मा कमी होतो.

आणि मधल्या काळात घर जेवणार काय, याचा विचार सगळ्यांत शेवटी केला जातो तो सगळ्यांत आधी व्हावा. सोप्यात किंवा माडीवर खिडकीजवळ एक भक्कम टेबल, दोन बर्नरची शेगडी, खाली उभा सिलिंडर, शेजारी पाण्याचे पिंप आणि भांडी घासायला न्हाणीची जागा एवढी तात्पुरती मांडणी हातोडा पडण्याच्या आधी होऊन, तिथे एक-दोन दिवस प्रत्यक्ष स्वयंपाक झालेला असावा. वर्षाच्या सामानाचे डबे प्लास्टिकमध्ये बांधून दुसऱ्या खोलीत जावेत. जोंधळा आणि तांदळात सिमेंटची धूळ गेली तर ती निघत नाही. देव्हारा स्वयंपाकघरात असेल तर तोही त्याच दिवशी हलवावा. हे जमणार नसेल तर खानावळीच्या डब्याचा खर्च अंदाजपत्रकात सरळ धरावा आणि वयस्क माणसांना लेकीकडे किंवा धाकट्या भावाकडे पाठवावे, पण ते त्यांना आधी विचारून.

शेवटी दोन विनंत्या आहेत. पहिली आपल्याला: पुरवणीत दर आठवड्याला नाही तरी महिन्यातून एकदा आपल्याच शहरातल्या किंवा निपाणी, खानापूर भागातल्या एखाद्या साध्या घराच्या स्वयंपाकघराचा मापांसह नकाशा, बाबवार खर्च आणि तिथे रांधणाऱ्या व्यक्तीचे वर्षभरानंतरचे मत छापावे. दुसरी महापालिकेला: या कामांतून निघणारा राडारोडा रात्रीच्या वेळी बळ्ळारी नाल्याच्या काठावर आणि रिकाम्या प्लॉटवर नेऊन टाकला जातो, आणि पावसाळ्यात तोच नाला तुंबून शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारातले भात पाण्याखाली जाते. बांधकामाचा राडारोडा नाल्यात किंवा रस्त्यावर टाकू नये असा केंद्र सरकारचा नियम 2016 पासून आहे, पण मग तो टाकायचा कुठे, हे घरमालकाला आणि टेम्पोवाल्याला नेमके कळले पाहिजे. त्यासाठी प्रत्येक प्रभागासाठी जागा, गाडीचा दर आणि संपर्काचा क्रमांक संक्रांतीच्या आत आपल्या वर्तमानपत्रात मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत जाहीर करावा.

आपली,
एक निवृत्त वाचक
शहापूर, बेळगाव